मनोरीकडचं मौन रिट्रीट: जाऊन आले, जसं होतं तसं सांगते

आधीच सांगते, मी कॅथलिक नाही. आमचं घराणं नगरकडचं, आजोबा गिरणीत लागले म्हणून मुंबईत आलो, आणि रविवारी भायखळ्याला मराठी उपासनेला जाणारी प्रोटेस्टंट माणसं आम्ही. त्यामुळे खाडीपलीकडे सिस्टर लोकांच्या रिट्रीट हाऊसवर दोन रात्री फोन बंद करून गप्प राहायचंय म्हटल्यावर आईनं पहिलं विचारलं, "गप्प? तू?"

का गेले ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. गेल्या वर्षी मैत्रिणीबरोबर मी सबर्बमधल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या सभेला जायचे, नाव घेत नाही. गाणी मस्त, माणसं प्रेमळ, सगळं ठीक. पण तिथल्या एका ब्रदरना देव सारखं काहीतरी सांगायचा आणि ते नेहमी दुसऱ्यांबद्दलच असायचं. मला म्हणाले, प्रभू दाखवतोय की 40 दिवसांच्या आत नोकरी सोड, उशीर केलास तर दार बंद होईल. मी बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये, घराचा हप्ता चालू, आणि तरी येड्यासारखा राजीनामा टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवलेला. आई पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "देवाकडं तुझा नंबर नाही काय? दरवेळी त्यांच्याच फोनवर कशाला निरोप?" ड्राफ्ट डिलीट केला. पण प्रश्न उरलाच ना, की उद्या माझ्या नंबरवर निरोप खरंच आला तर तो देवाचाच आहे हे मला कळणार कसं.

तर रिट्रीट. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, माणशी 1800 रुपये, राहणं जेवण सगळं धरून. मालाडला उतरून मार्वे, मार्वेवरून फेरीबोट, बोटीत माणसं बाइक मासळीच्या पाट्या सगळं एकत्र, पाच मिनिटांत पलीकडे मनोरी. रिक्षावाल्यानं मला बॅग घेऊन एकटीला बघितलं आणि विचारलं, पॅगोडा काय? म्हणजे गोराईचा विपश्यनेवाला. म्हटलं नाही हो, आमचं दुसरं आहे. तो म्हणाला गप्पच बसायचं ना, मग एकच. मी वाद घातला नाही पण एक नाहीये ते, तिथं श्वासाकडं बघत बसतात आणि इथं कोणीतरी बोलेल म्हणून कान देऊन बसायचं असतं, आणि कोणी बोललंच नाही तर काय ही धाकधूक वेगळीच.

खोली साधी. लोखंडी खाट, गादी म्हणजे नावाला गादी, पंखा एक नंबरवर कुरकुरतो आणि पाचवर उडवून लावतो, मधलं काही नाही. गीझर आहे, चालत नाही, सकाळी बादलीनं गरम पाणी आणावं लागतं. जेवण मात्र कसलं सांगू. स्वयंपाकाला गावातल्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी कॅथलिक) मावशी, शनिवारी दुपारी बॉटल मसाल्यातलं बोंबलाचं कालवण आणि रविवारी नाश्त्याला फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव. मौन असल्यामुळे वा म्हणता येत नाही हा खरा उपास. मावशींना मौनाचा नियम लागू नाही, त्या प्रत्येकीला "बाय, अजून घे" म्हणत फिरत होत्या आणि आम्ही सगळ्या मुंडी हलवतोय.

आता मुख्य गोष्ट, शिकवणाऱ्या सिस्टर. वसईकडच्या, सत्तरीच्या आसपास, आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मागच्या रांगेतल्या सगळ्या उठून पुढं आल्या. मी घाबरून होते की आता आवाज ओळखायच्या सात पायऱ्या वगैरे पीपीटी निघणार. काही नाही. पहिल्या संध्याकाळी बायबलमधल्या 1 शमुवेलचा तिसरा अध्याय वाचायला दिला आणि म्हणाल्या उद्यापर्यंत यातच राहा.

ही गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकतेय. पोरगा शमुवेल मंदिरात झोपलाय, हाक येते, तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडं पळतो, मी नाही बोलावलं जा झोप, असं तीनदा, मग एली सांगतो की आता हाक आली तर म्हण, "बोल, तुझा दास ऐकत आहे." पाठ आहे मला. पण दुसऱ्या दिवशी सिस्टरनी विचारलं, तो एलीकडंच का पळाला? आणि मी पहिल्यांदा थांबले. कारण त्याला तो एलीचाच आवाज वाटला! गडगडाट नाही, इको नाही, रोज ज्या माणसाची हाक ऐकतो तसलीच हाक. सातव्या ओवीत लिहिलंयच की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. म्हणजे मंदिरात राहणारा, दिवाबत्ती बघणारा पोरगा, आणि ओळख नाही. सिस्टर म्हणाल्या, आवाज ऐकू न येणं ही त्याची अडचण नव्हतीच, ऐकू तर पहिल्यांदाच आला.

आणि पुढचा भाग, जो संडे स्कूलमध्ये पटकन उरकतात. हाक मारून देवानं सांगितलं काय? तर एलीच्याच घराण्याचा न्याय होणार. ज्यानं ऐकायला शिकवलं त्याच्याच विरोधात. पोरगा सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठून मंदिराची दारं उघडली, रोजचं काम, आणि सांगायला घाबरला. एलीनंच मागं लागून वदवून घेतलं आणि ऐकून म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते तो करो. मला आमचे हॉलमधले ब्रदर आठवले, त्यांच्या एकाही निरोपात स्वतःबद्दल वाकडा शब्द नसायचा.

शनिवारी दुपारी इग्नेशियस लोयोलाबद्दल सांगितलं, जेझुइट फादरांचा संस्थापक. आमच्याकडं याचं नाव फारसं घेत नाहीत. हा मूळचा शिपाईगडी, 1521 मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणात. वाचायला सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या तर घरात त्या नव्हत्याच, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी तेवढ्या होत्या. मग पडल्या पडल्या स्वप्नं बघायचा, कधी दरबारातल्या बाईला खूश करायची, कधी संतांसारखं जगायची. बघताना दोन्ही गोड. पण पहिलं संपलं की मन कोरडं, आणि दुसरं संपल्यावरही आनंद मागं राहायचा. एवढ्या बारीक निरीक्षणावर त्यानं पुढं सगळं उभारलं, आत्म्यांची पारख म्हणतात त्याला, म्हणजे मनातली ओढ देवाकडची की दुसरीकडची ते ओळखणं. त्यातला एक नियम मी वहीत दोनदा खाली रेघ मारून लिहिला, मन कोरडं आणि अंधारलेलं असेल तेव्हा आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. अरे हे मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर! राजीनामा टाइप केला त्या रात्री मी रडत होते आणि दार बंद होईल एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी रात्री विनोद झाला. जवळच्या कुठल्यातरी बंगल्यावर हळद होती, डीजे लागला, खिडकीच्या काचा थरथरतायत आणि आम्ही बावीस बायका चॅपलमध्ये डोळे मिटून देवाची वाणी ऐकायला बसलोय. एकीला हसू आवरेना, मग सगळ्यांनाच. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, एलीया संदेष्ट्याला पण आधी वारा, मग भूकंप, मग अग्नीच मिळाला होता, शांत मंद वाणी सगळ्यात शेवटी आली, बसा. बसलो. दहाला डीजे बंद झाला आणि जी शांतता पडली ना, लांबून खाडीकडची बोटीची फटफट ऐकू येत होती.

आवाज ऐकू आला का, हे सगळ्यांना जाणून घ्यायचंय. नाही आला, कानाला तरी नाही. झोपायच्या आधी दिवसाकडं मागं वळून बघायची एक प्रार्थना असते, पंधरा मिनिटांची, सकाळपासून काय काय झालं, कुठं मन मोकळं झालं, कुठं आक्रसलं. मी नोकरीचा विचार घेऊन बसायचे आणि दरवेळी मध्ये माझा भाऊ यायचा. बाबांच्या खोलीवरून आमचं दीड वर्षं बोलणं नाही. शुक्रवारी आला, मी म्हटलं बाजूला हो. शनिवारी दुपारी आला. रात्री परत आला. घाई नाही, धमकी नाही, दार बंद होईल असलं काही नाही, फक्त परत परत तोच, आणि मला नको असलेलाच. वीस मिनिटांची एकटीची भेट मिळते त्यात सिस्टरना विचारलं, हा देव आहे का माझं मन? त्या म्हणाल्या, भावाशी बोल असं सैतान कशाला सांगेल तुला? मग जरा थांबून म्हणाल्या, पण माझ्यावर पण ठेवू नको, शास्त्राशी ताडून बघ, घरच्या शहाण्या माणसाला विचार, चार दिवस थांब. योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात हेच आहे म्हणे, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. आहे, मी बघितलं. त्यांच्या बायबलात 73 पुस्तकं आणि माझ्यात 66, पण हे दोन्हीकडं सारखंच.

मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, रोज सकाळी साडेसहाला, सक्ती नाही. मी मागं बसायचे, त्यांचा प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा मला घेता येत नाही, हात छातीशी जोडून पुढं गेलं तर आशीर्वाद देतात. थोडं टोचलं खरं सांगायचं तर. पण कुणी मला ओढायचा प्रयत्न केला नाही, आणि भजनांमध्ये टिळकांचं एक निघालं तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. रेव्हरंड टिळक आमचे बरं का, 1895 मध्ये मुंबईतच बाप्तिस्मा झाला त्यांचा.

तक्रारी. वाटलेले झेरॉक्सचे कागद कुणीतरी इंग्लिशवरून मशीननं मराठी केलेत, "देवाच्या उपस्थितीमध्ये विश्रांती घेण्याचा सराव करा" असलं काय काय, पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं आणि शंभर वर्षांनी आपण हे वाटतोय. बुकिंगचा फोन उचलत नाहीत, मला अकरा वेळा लावावा लागला. मराठी बॅच वर्षातून दोनदाच, बाकी सगळ्या इंग्लिश नाहीतर कोकणीत. आणि मेणबत्त्या, होली पिक्चर यांचं दुकान ऐन चॅपलच्या दारात, मौन सुटल्या सुटल्या तिथं जी झुंबड उडाली ती बघवत नव्हती (मीही एक क्रूस घेतला, 60 रुपये).

पैसे वसूल का म्हणाल तर हो. चमत्कार बघायला जाणार असाल तर नका जाऊ, कंटाळाल. डिप्रेशनसारखं काही चालू असेल तर आधी डॉक्टर, हे सिस्टरच पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि मला त्या तिथंच आवडल्या.

भावाचं राहिलं. चार दिवस थांबले, आईला सांगितलं, ती काही बोलली नाही पण संध्याकाळी शिरा केला. फोन लावला, त्यानं उचलला नाही. दोन दिवसांनी त्याचा आला आणि पहिलं वाक्य, "काय झालं, आई बरी आहे ना?" म्हटलं आई बरी आहे, सहजच केलेला. तो "बरं" म्हणाला आणि मग आम्ही दोघं गप्प, मला गप्प बसायची सवय झालेलीच होती. खोलीचा विषय अजून काढलेला नाही. पुढची मराठी बॅच लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आहे, जाणार असाल तर ओडोमॉस न्या आणि पातळ चादर स्वतःची न्या, डास ऐकत नाहीत कुणाचं.