ताळेबंद मागणारे काका

मे महिन्यात मुलगी पुण्याहून आली होती. एका रात्री तिने एन्रॉन कंपनीवरचा माहितीपट लावला, २००५ सालचा. मला एन्रॉन हे नाव माहीत होतं ते माहेरामुळे. माझं माहेर चिपळूणचं. १९९५ च्या निवडणुकीतली 'एन्रॉन समुद्रात बुडवू' ही घोषणा मी भावांच्या तोंडून ऐकली होती. तिकडे गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प व्हायचा होता, आणि २००१ मध्ये तो बंद पडला हेही माहेरी गेल्यावर कळलं होतं. पण तिकडे अमेरिकेत ती कंपनी कशी कोसळली, ते मला ठाऊक नव्हतं. अर्धा माहितीपट झाला असेल नसेल, मी मुलीला म्हटलं, थांबव जरा.

पडद्यावर भयंकर असं काही चाललं नव्हतं. फोनवरच्या एका बैठकीचा आवाज होता, १७ एप्रिल २००१ चा. कंपनीचे प्रमुख जेफ्री स्किलिंग शेअरबाजारातल्या लोकांशी बोलत होते. त्यातल्या एकाने विचारलं, नफ्याचे आकडे सांगता, पण त्यासोबत ताळेबंद, म्हणजे कंपनीकडे काय आहे आणि देणं किती याचा हिशेब, देत नाही, अशी तुमची एकच कंपनी आहे. स्किलिंगनी त्याचे आभार मानले आणि त्याच दमात त्याला शिवी दिली. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, २ डिसेंबर २००१ रोजी, एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मी थांबव म्हटलं, कारण ही बैठक मी पाहिली होती. पणजीच्या एका हॉटेलात, नोव्हेंबर २०१४ मध्ये. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. यजमानांचा टिपर होता, खनिज वाहायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातलं मायनिंग बंद झालं आणि टिपर अंगणात उभा राहिला. पहिल्या पावसाळ्यात लोक म्हणत, दिवाळीनंतर सुरू होईल. दुसऱ्या पावसाळ्यात टायरांभोवती गवत उगवलं. शेवटी मिळेल त्या किमतीला विकला, चार लाख आले. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीतले सात लाख त्यात घातले आणि अकरा लाखांचं काय करावं, या विचारात आम्ही दोघं होतो.

चतुर्थीला माझा एक जुना विद्यार्थी गणपती पाहायला आला. चौथीला माझ्या वर्गात होता, फार सालस मुलगा. गणपतीवर फळं बांधलेल्या माटोळीखाली बसून करंजी खाताना त्याने विषय काढला. "बाई, बँक नऊ टक्के देते. आमची कंपनी चौदा देते, दर महिन्याला खात्यात. किनाऱ्याजवळ रिसॉर्ट होतंय. सुरक्षित डिबेंचर आहेत, चिटफंड नव्हे." डिबेंचर म्हणजे आपण कंपनीला व्याजाने दिलेलं कर्ज. त्याच्या आईचेही पैसे त्यात होते, हे त्याने सांगितलं आणि ते खरं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे. आपल्याला फसवायला येणारा माणूस लबाड दिसेल असं आपण धरून चालतो. या मुलाला कंपनीवर पूर्ण विश्वास होता, म्हणूनच तर त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

मग ती पणजीची बैठक. मंचावर संचालक, मागे मोठ्या पडद्यावर रिसॉर्टचं चित्र, निळा तलाव, माड. पहिल्याच वर्षी इतके कोटी नफा झाला, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मागून एक गृहस्थ उठले. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, साधा पांढरा सदरा. ते म्हणाले, "रिसॉर्ट अजून उघडलेलं नाही, तर नफा आला कुठून? ताळेबंद दाखवता का?" संचालक हसले. "काका, घरी काकूंकडेही रोज ताळेबंद मागता काय?" सगळं सभागृह हसलं. मीही हसले. काका खाली बसले. चहाच्या वेळेपर्यंत ते निघूनही गेले होते.

आठ दिवसांनी मी अकरा लाखांचा धनादेश दिला.

सव्वीस महिने व्याज आलं, तारीख न चुकता. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलं नाही. नोटबंदीमुळे अडचण आहे, मार्चपर्यंत सगळं सुरळीत होईल, असं उत्तर मिळालं. मार्च गेला. तो विद्यार्थी घरी येऊन रडला, "बाई, तक्रार केलीत तर कंपनी बुडेल आणि सगळ्यांचेच पैसे जातील." आम्ही सात महिने थांबलो. माझी सगळ्यात मोठी चूक पैसे घालण्याची नव्हती, हे थांबणं होतं. त्या सात महिन्यांत कंपनीच्या नावावरचे दोन भूखंड विकले गेले. व्याज चुकलं की दुसऱ्या आठवड्यात आर्थिक गुन्हे विभागात लेखी तक्रार द्या. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी गोव्याचा १९९९ चा कायदा आहे आणि त्याखाली सरकार मालमत्ता जप्त करू शकतं. पण जप्त करायला मालमत्ता शिल्लक तर असली पाहिजे.

पुढे भाच्याने, तो सीए आहे, कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून त्या कंपनीचे कागद उघडले. शंभर रुपये. हे कागद मी धनादेश देण्याआधीही कोणालाही पाहता येत होते.

नफा कुठून आला ते तिथे लिहिलेलं होतं. खोल्यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या भाड्याचे करार केले म्हणून त्यातलं बरंचसं उत्पन्न त्याच वर्षी धरलं होतं. एन्रॉननेही हेच केलं होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. वीस-वीस वर्षांच्या करारातून पुढे किती मिळेल याचा अंदाज स्वतःच करायचा आणि तो नफा आजच दाखवायचा. कुळागरात माड लावला त्याच दिवशी पुढच्या वीस वर्षांचे नारळ विकले असं वहीत लिहावं, तसं हे. वहीत पैसे दिसतात, पण हातात एकही नारळ नसतो. मग व्याज कुठून द्यायचं? नव्या डिबेंचरच्या पैशांतून. माझ्या अकरा लाखांतून माझ्या आधीच्या कोणाचं तरी व्याज गेलं असणार, हे मला अजून सलतं.

एन्रॉनचे अर्थप्रमुख अँड्र्यू फास्टो यांनी बाजूला वेगळ्या कंपन्या उभ्या केल्या होत्या. तोटा आणि कर्ज तिकडे ढकललं की मूळ कंपनीचा ताळेबंद स्वच्छ दिसे. आमच्या कंपनीने चार कंपन्यांना बिनव्याजी पैसे उसने दिले होते. चारही ठिकाणी संचालकांची आडनावं तीच. लेखापरीक्षकाची सही खाली होतीच. मी आयुष्यभर सहीला मान दिला, म्हणून सांगते, सही करणाऱ्याला दुसरे पैसे कोण देतं तेही पाहावं. एन्रॉनची तपासणी आर्थर अँडरसन ही नावाजलेली कंपनी करायची. २००० साली तिला तपासणीचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि इतर सल्ल्याचे दोन कोटी सत्तर लाख. ज्याच्याकडून सल्ल्याचे जास्त पैसे मिळतात, त्याच्याच हिशेबावर लाल खूण कोण करील?

माझ्या डिबेंचर प्रमाणपत्रावर क्रमांक होता १४६८. भाच्याने विचारलं, "मामी, हा आकडा पाहिला नाही?" २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशा खासगी विक्रीत वर्षाला दोनशेहून जास्त लोकांना डिबेंचर देता येत नाहीत. कंपनी दोन वर्षांची होती. आणि 'सुरक्षित' म्हणजे काय, तर जमिनीवर आपला बोजा, म्हणजे आपलं कर्ज फिटेपर्यंतचा हक्क, कंपनी निबंधकाकडे नोंदलेला असला पाहिजे. कंपनीच्या नावावर कुठले बोजे आहेत ते संकेतस्थळावर फुकट दिसतं. आमच्या कंपनीच्या नावासमोर एकही बोजा नव्हता. तो शब्द नुसता सोनेरी अक्षरांत छापलेला होता. आजही कोणी अशी योजना घेऊन आला तर त्या कंपनीला लोकांचे पैसे घ्यायची परवानगी आहे का, ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर शोधा, आणि लक्षात ठेवा, पाच लाखांपर्यंतचा विमा बँकेतल्या ठेवींना असतो. डिबेंचरला नसतो, पतसंस्थेतल्या ठेवीलाही नसतो.

त्या माहितीपटात एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांची एक सभा दिसते. निवृत्तीचे सगळे पैसे कंपनीच्याच शेअरमध्ये घालावेत का, असं विचारलं जातं आणि व्यासपीठावरून उत्तर येतं, नक्कीच. पुढे त्याच माहितीपटात विजेच्या तारांवर काम करणारा एक माणूस सांगतो, की त्याचे जवळपास साडेतीन लाख डॉलर होते आणि त्याने शेअर विकले तेव्हा बाराशे हातात आले. तो माणूस बोलत होता तेव्हा यजमान उठून बाहेर सोप्यावर जाऊन बसले. त्यांच्या टिपरचे चार लाख त्यात गेले. त्यांनी मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही.

खटला चालू आहे. अजून एक रुपया मिळालेला नाही. दर तारखेला कदंबच्या बसने पणजीला जाते, माझ्यासोबत आमच्या वाड्यावरच्या आणखी दोघी असतात. तो विद्यार्थी आता केरीला एका दुकानात काम करतो. त्याच्या आईचे चार लाख गेले. तो मला भेटायला लाजतो, मीच कधी त्याच्याकडे जाऊन येते.

माहितीपट पाहिल्यावर पंधरा दिवसांनी मी त्या कॅशियर काकांचं घर शोधून काढलं. फोंड्याजवळ राहतात. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी सभागृह हसलं तेव्हा मीही हसले होते, त्याबद्दल माफी मागायला आले आहे. त्यांना ती बैठक आठवत होती. त्यांनी चहा करायला सांगितला. म्हणाले, "मी तीन प्रश्न लिहून नेले होते, पहिल्यालाच खाली बसवलं."

बाकीचे दोन कोणते होते, मी विचारलं.

"दुसरा, कंपनीने कोणाकोणाला पैसे उसने दिलेत. आणि तिसरा, तुम्ही स्वतःच्या खिशातले किती घातलेत."

तिसऱ्याचं उत्तर मला त्या शंभर रुपयांच्या कागदांत मिळालं होतं. सगळ्या संचालकांचं मिळून भरलेलं भागभांडवल एक लाख रुपये होतं.