सिरॅमिक कोटिंगवर पुन्हा टॉपर मारायचा का?

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर दिलेला पाणी न धरणारा पातळ, टिकाऊ थर. ते झालेली गाडी घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या मुलानं सांगितलं, "सर, आता तीन वर्षं नुसती धुवायची, बाकी काही करायचं नाही." आणि बिल करताना टॉपर स्प्रेची, म्हणजे कोटिंगवर वरून मारायच्या फवाऱ्याची बाटली पुढे ठेवली. नुसतं धुऊन भागणार असेल तर ही बाटली कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि मी ती घेतली नाही. पुढे दीड वर्षानं घेतली. मधल्या काळात काय झालं ते सविस्तर लिहितो. ज्यांना हाच निर्णय घ्यायचा आहे त्यांनी आपली गाडी, आपलं पार्किंग आणि मुख्य म्हणजे आपलं पाणी माझ्याशी ताडून बघावं.

माझी गाडी गडद निळी. सोसायटी पुण्यात वाघोलीच्या बाजूला, पार्किंग उघडं, सकाळी आठला बोनेटवर ऊन. पाणी बोअरचं, आणि होळीनंतर बहुतेक टँकरचं.

कोटिंगचे पहिले सहा-सात महिने सुखाचे गेले. पावसाळ्यात पाणी बोनेटवरून मण्यांसारखं घरंगळायचं, चिखल नुसत्या पाण्याच्या माऱ्यानं सुटायचा. तोपर्यंत टॉपरचा विचारही मनात आला नव्हता. मग हिवाळा संपला आणि बोनेटवर पांढरी वर्तुळं दिसायला लागली. छोटी, वाटाण्याएवढी, शेकड्यांनी. आज धुऊन काढली की उद्या पुन्हा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ती कदाचित दिसतही नाहीत. गडद रंगावर सकाळच्या तिरप्या उन्हात दुसरं काही दिसत नाही. महिन्याभरानं त्यातली काही शाम्पूनंही निघेनाशी झाली, आणि तिथे मला खरा त्रास व्हायला लागला. एवढे पैसे घालून घेतलेली चकाकी रोज सकाळी अशी ठिपक्याठिपक्यांची बघणं मला जमेना.

कारण साधं आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब सुकतो, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बाथरूमच्या काचेवर आणि नळांवर जो पांढरा थर बसतो, तोच हा. तापलेल्या पत्र्यावर तो जास्त घट्ट बसतो. कोटिंगमुळे थेंब उभा, गोल राहतो, म्हणून त्यातले सगळे क्षार एका लहानशा कड्यात गोळा होतात. कोटिंग नसलेल्या गाडीवर तेच पाणी पसरून फिकट धुरकटपणा येतो. म्हणजे पाणी वाईट असेल आणि गाडी लगेच पुसली नाही, तर कोटिंगचा गुणच डोळ्यांवर येतो.

यात आमच्या सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मामांचा भाग आहे. पहाटे एक बादली, एक फडकं आणि डझनभर गाड्या. मी त्यांना म्हटलं, "मामा, माझ्या गाडीवर पाणी मारू नका, मी रविवारी धुतो." ते म्हणाले, "दादा, ओली दिसली नाही तर लोक म्हणतात मामांनी काम केलं नाही." त्यांचंही बरोबर होतं. शेवटी पैसे तेवढेच द्यायचे आणि त्यांनी फक्त काचा व चाकं बघायची असं ठरलं. टॉपर घ्यायचा की नाही याच्या आधी प्रत्येकानं हे जमतंय का ते बघावं, कारण रेतीमिश्रित फडक्याच्या ओरखड्यांवर कुठल्याही स्प्रेचा इलाज नाही.

एव्हाना बोनेटवर पाण्याचे मणीही नीट होईनात. पाणी आळसावल्यासारखं सपाट पडून राहायचं. मला वाटलं, कोटिंग संपलं. ते संपलं नव्हतं, बुजलं होतं. क्षार, धूळ आणि रस्त्यावरचा धूर यांचा पातळ थर वर बसला की पाण्याला खालचं कोटिंग लागतच नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन, सावलीत, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवून मी भरपूर पाण्यानं धुतलं. आधी एका कोपऱ्यात करून बघितलं, तुम्हीही तसंच करा. मणी जवळजवळ पहिल्यासारखे परत आले. म्हणून आता कोणी म्हणालं की बीडिंग, म्हणजे पाण्याचे मणी होणं, गेलंय, टॉपर मारू का, तर मी आधी आम्लयुक्त शाम्पूनं धुऊन बघायला सांगतो. बुजलेल्या कोटिंगवर टॉपर मारणं म्हणजे धुळीवर रंग देणं. चार दिवस छान दिसतं, खालचा थर मात्र तसाच राहतो.

एवढं कळल्यावर मी बाटली आणली. फेब्रुवारीत बोनेट पूर्ण स्वच्छ केलं, मध्ये कागदी टेप लावली, ड्रायव्हरच्या बाजूला टॉपर मारला आणि डावी बाजू नुसत्या कोटिंगवर ठेवली. मग मेअखेरपर्यंत दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच पाण्यानं, एकाच शाम्पूनं धुतल्या. माझ्याकडे कसलंही मोजमापाचं यंत्र नाही, डोळे आणि बोटं एवढंच.

पहिल्याच धुण्याला फरक कळला तो पुसताना. उजवीकडे पाणी इतक्या पटकन निघून जायचं की टॉवेल नावालाच फिरवायचा. डावीकडे दोन-तीनदा फिरवावा लागायचा, आणि तेवढ्यात उन्हानं एखादी कड सुकायचीच. पांढरी वर्तुळं दोन्हीकडे आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टॉपरनं ती थांबली नाहीत. पण उजवीकडची वर्तुळं पुढच्या रविवारी साध्या शाम्पूनं निघून जायची. डावीकडची तिसऱ्या आठवड्यापासून राहायला लागली आणि एप्रिलमध्ये त्या बाजूला पुन्हा व्हिनेगर लावावं लागलं. माझी समजूत अशी की क्षार टॉपरच्या थराला धरतात आणि तो थर धुण्यागणिक थोडा थोडा झिजताना त्यांना घेऊन जातो. कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा आणि त्याखालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा कंपनीचा पारदर्शक थर, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. झिजायचंच असेल तर वरचं, स्वस्तातलं झिजलेलं बरं.

दहाव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही बाजू सारख्या दिसायला लागल्या. बाटलीवर सहा महिने लिहिलेलं होतं. आमच्या पाण्यात अडीच महिने धरा.

तरी नुसतं कोटिंग ठेवणाऱ्यांचीही बाजू मला पटते. माझ्या मेहुण्याची गाडी कोथरूडला, तळमजल्याच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये, महापालिकेच्या नळाच्या पाण्यावर. त्यानं तीन वर्षांत एकदाही टॉपर मारला नाही. पंधरा दिवसांनी न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा) शाम्पूनं धुतो, वर्षातून एकदा डिटेलरकडून, म्हणजे गाडीची बारकाईनं सफाई करणाऱ्या कारागिराकडून, खोल सफाई करून घेतो, आणि गाडी खरोखर सुंदर आहे. त्याला मी बाटली घे असं सांगणार नाही. पावसाळ्यात तर माझंही तेच मत आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत टॉपरचा उपयोग मला फारसा जाणवला नाही. नवं कोटिंग असेल, वर्ष झालं नसेल, तरी घाई करू नये. टॉपरखाली मूळ कोटिंग कसं वागतंय ते कळेनासं होतं, आणि दुकानाशी वॉरंटीवरून बोलायची वेळ आली तर ते अडचणीचं ठरतं. वॉरंटीच्या कागदावर दुसऱ्या कंपनीचं उत्पादन चालतं का, हेही आधी वाचून घ्यावं. कारप्रो, गियॉन अशा कोटिंग बनवणाऱ्या कंपन्या आपल्या कोटिंगसाठी रीलोड, क्युअर अशा नावांचे स्प्रे स्वतःच देतात. शक्यतो जोडीचंच घ्यावं.

टॉपरचा त्रासही आहे. उन्हात किंवा गरम बोनेटवर मारला तर तेलकट ढगांसारखे चट्टे राहतात, आणि ते काढायला पुन्हा तोच स्प्रे मारून कोरड्या कापडानं घासावं लागतं. दमट हवेत तो लवकर सुकत नाही. रत्नागिरीला जुलैमध्ये एका दुपारी मी हे करून बघितलं आणि अर्धा दिवस दरवाजे पुसत बसलो. जास्त मारल्यानं जास्त टिकत नाही. एका दरवाजाला दोन फवारे पुरतात, तेही थेट पत्र्यावर न मारता मायक्रोफायबरवर. एका कापडानं पसरायचा, दुसऱ्या कोरड्या कापडानं लगेच पुसायचा. काचेवर गेला तर वायपर थरथरतो, तेवढं जपावं.

ज्याला रविवारची दीड तास गाडी धुण्याची आवड नाही, त्यानं टॉपरचे पैसे वाचवून वर्षातून दोनदा चांगल्या डिटेलरकडे सफाई करून घ्यावी, त्यात काही गैर नाही. पण गडद रंग, उघडं पार्किंग आणि बोअरचं पाणी या तीन गोष्टी एकत्र आल्या असतील, तर मला वाटतं बाटली घ्यावीच. अर्धा लिटर मला वर्षभर पुरतो आणि हजार रुपयांच्या आसपास जातो. एका वेळी अख्ख्या गाडीला वीस मिनिटं लागतात.

मी आता वर्षातून दोनदा मारतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्लयुक्त शाम्पूनं धुऊन, आणि एप्रिलच्या मध्यावर पुन्हा. फक्त बोनेट, टप आणि डिकीचं झाकण, कारण ऊन आणि पाणी तिथेच साचतं. दरवाजे नुसत्या कोटिंगवर ठेवलेत, आणि तिथे मला अजून तरी काही करावंसं वाटलेलं नाही.