हीट की अनबाउंड: एक रात्र पणाला लावायची की अख्खा आठवडा?

माझ्या मामेभावाची बारावी संपली. कोथरूडहून फोन आला, "दादा, एकच गेम घेता येणार आहे. नीड फॉर स्पीड हीट घेऊ की अनबाउंड?" त्याला समजावताना अर्धा तास गेला. हाच प्रश्न पडलेले इतरही असतील, म्हणून लिहून काढतोय. 'नीड फॉर स्पीड' या गाड्यांच्या शर्यतींच्या मालिकेतले हे दोन्ही गेम मी शेवटपर्यंत खेळलोय आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

हीट 2019 चा, अनबाउंड 2022 चा. हीटमधलं पाम सिटी मायामीवर बेतलेलं आहे, अनबाउंडमधलं लेकशोअर शिकागोवर. गाड्या दोन्हींत भरपूर आहेत आणि रंगवायची, सजवायची हौस दोन्हींत मनसोक्त भागते. त्यामुळे गाड्यांची यादी बघून ठरवू नका. हरल्यावर काय जातं, ते बघा. या खेळांची सगळी गंमत त्या भीतीत आहे.

हीटमध्ये दिवस आणि रात्र वेगळी. दिवसा परवानगीच्या शर्यती, त्यातून पैसे. रात्री बेकायदा शर्यती, त्यातून नाव, म्हणजे 'रेप' (रेप्युटेशनचं छोटं रूप). पोलिसांचा पारा एक ते पाच असा चढत जातो आणि तो जितका वर, तितका तुमच्या रेपचा गुणक मोठा. पण हा गुणक पदरात पडतो गॅरेजमध्ये सुखरूप परतल्यावरच. पकडले गेलात तर तो गेला, शिवाय पैसेही कापले जातात.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. कर्वेनगरच्या खोलीवर दोन वाजले होते, रूम पार्टनर झोपलेला, मी हेडफोन लावून. पारा पाचवर. पेट्रोल पंपावरून गाडी नेली की ती दुरुस्त होते, पण एका रात्रीत तीनदाच, आणि माझे तिन्ही वापरून झालेले. गॅरेज नकाशावर अगदी जवळ. पण पाठलाग चालू असताना गॅरेजचं दार उघडत नाही, आधी पोलिसांना चुकवावं लागतं. एका गल्लीत दिवे चुकवत थांबलो, पाठलागाची पट्टी रिकामी होत आली, आणि समोरून पोलिसांची ती अवजड 'ऱ्हायनो' गाडी थेट बॉनेटवर आली. दोन तासांत चढवलेला गुणक तिथेच गेला. हात थरथरत होते. दुसऱ्या रात्री जेवण उरकून मी परत बसलो, कारण पाच पाऱ्यावरून सुटून दार उघडतं तेव्हा जे वाटतं, ते मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मिळालेलं नाही.

हीटचा खरा वैताग वळणांवर आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की गाडी घसरायला लागते. कीबोर्डवर बोट एकतर दाबलेलं असतं किंवा उचललेलं, त्यामुळे साध्या वळणावरही गाडी आडवी होते. लाइव्ह ट्यूनिंग या सेटिंगच्या मेनूत जाऊन ड्रिफ्ट, म्हणजे गाडी घसरवणं, ब्रेकवर लावून घ्या, निम्मा त्रास कमी होईल. आणि सुरुवातीला 'सोलो', म्हणजे एकट्याने खेळायचा पर्याय, निवडा. ऑनलाइन खेळताना गेम थांबवता येत नाही. आईने जेवायला हाक मारली तरी पोलीस थांबत नाहीत.

अनबाउंडचा जीव कॅलेंडरमध्ये आहे. कथा चार आठवड्यांची, दर आठवड्याच्या शेवटी मोठी शर्यत, आणि तिथवर प्रवेश फी आणि लायक गाडी जमवायची. शर्यत परत सुरू करायची संधी मोजकी मिळते, काठिण्य जितकं जास्त तितकी कमी. दिवसाचा पोलिसांचा पारा रात्रीतही सोबत येतो. अंगावर रोकड असताना पकडले गेलात तर ती सगळी जाते आणि तो दिवस परत मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पैशांची इतकी ओढाताण होते की अनेकांनी तिथेच गेम सोडलाय. सोडू नका. पहिलं यावं लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरलाही पैसे मिळतात, आणि एखाद्या प्रतिस्पर्ध्याशी पैज लावून वरकमाईही होते. हे उमगल्यावर मला तो फार आवडायला लागला. गाडीही हीटपेक्षा जास्त ऐकते. चित्रकथेसारखी पात्रं आणि धुराबरोबर उमटणारी ग्राफिटी मात्र सगळ्यांना रुचेल असं नाही, आधी एखादा व्हिडिओ बघा. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर आणखी एक: कथेतले पैसे आणि गाड्या ऑनलाइनमध्ये येत नाहीत, तिथे नव्याने सुरुवात करावी लागते.

कुठल्या मशीनवर खेळणार, यावरही बरंच ठरतं. हीट पीएस (प्लेस्टेशन) 4 वर चालतो, अनबाउंडला पीएस 5 लागतो. पीसीवर हीटला किमान जीटीएक्स 760 हे ग्राफिक्स कार्ड लागतं, अनबाउंडला त्याहून नवं 1050 टीआय.

मामेभावाकडे जुना लॅपटॉप आहे आणि कॉलेज सुरू होईपर्यंत रात्री मोकळ्या आहेत. त्याला मी हीट घ्यायला सांगितलं, तोही सेल लागल्यावर, आणि उरलेल्या पैशांतून एक कंट्रोलर. ज्यांना रोज हिंजवडीहून परतल्यावर जेमतेम तासभर मिळतो आणि ज्यांच्याकडे तेवढं मशीन आहे, त्यांनी अनबाउंड घ्यावा. एका बैठकीत त्याचा एक दिवस संपतो.