एटीव्हीचे मड टायर, काळ्या रानात लय भारी

आमची एटीव्ही (रानात चालणारी, जाड टायरची छोटी चारचाकी) मोहोळकडं सीना काठच्या शेतावर चालते, म्हणजे सगळी काळी चिकट माती. मागच्या पावसाळ्यात जुने बारीक नक्षीचे टायर असे भरले की चाक म्हणजे नुसता चिखलाचा गोळा, अर्धा तास काठीनं खरवडत बसलो. म्हणून यंदा सोलापुरात होटगी रोडच्या एका दुकानातनं मड टायर घेतले, पुढं 25×8-12 अन् मागं 25×10-12 (पहिला आकडा उंची, मग रुंदी, शेवटी रिम, सगळं इंचात).

दुकानदार काकांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "गाडी जास्त कुठं फिरवता, रानात का डांबरीवर?" मला तिथंच माणूस पटला. दोन लगांच्या (लग म्हणजे टायरवरचे रबराचे उंच ठोकळे) मधल्या फटीत बोटं घालून दाखवली, म्हणाले फट मोठी असली की चाक फिरताना माती आपोआप फेकली जाते. बाभळीच्या काट्यांसाठी 6 प्लायच (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) घ्या म्हणाले, तेच घेतलं, महिनाभरात एकही पंक्चर नाही. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणं, उगं बाईकसारखी 30 भरू नका, टायर टणक होतो अन् मऊ मातीत पकडच राहत नाही.

आता वाईट बाजू. डांबरीवर घरघर आवाज येतो, हँडल थरथरतं, अन् लग पण लवकर झिजणार. मुरमाड, खडकाळ माळावर फिरवायची असंल तर हे घेऊ नका, कमी फटीचा, दाट लगांचा ऑल टेरेन टायर घ्या. आमच्या उसाच्या रानासाठी मात्र मी परत हेच घेईन.