टोरंटचं 'आजीवन सभासदत्व' विकणाऱ्यांपासून सावध

टोरंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइली घ्यायची पद्धत. तिचं सभासदत्व विकण्याचा, आमच्या घरी घडलेला प्रकार लिहितोय. ज्यांचे आईवडील हल्ली नेटवर जुनी गाणी शोधत बसतात, त्यांनी जरूर वाचा.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बालगंधर्वांच्या जुन्या 78 आरपीएम तबकड्यांचं रेकॉर्डिंग हवं होतं. शोधताना जाहिरात दिसली: सभासद व्हा, हवं ते डाउनलोड करा, 100 टक्के कायदेशीर, आजीवन फक्त 1,999 रुपये. अण्णांनी जन्मभर तिकीट काढूनच नाटकं पाहिली. फुकटचं नको, रीतसर पैसे भरून घेऊ, म्हणून त्यांनी कार्ड वापरलं. मला संताप येतो तो याचा, की या लोकांनी त्यांच्या सचोटीचाच फायदा घेतला.

पैसे भरल्यावर मिळालं काय, तर एक प्रोग्राम. मी त्याच्या 'अबाउट'मध्ये जाऊन पाहिलं. वरचं नाव आणि चिन्ह तेवढं बदललेलं, आत क्यूबिटटोरंट नावाचा टोरंटचा प्रोग्राम बनवणाऱ्यांची नावं आणि जीपीएल, म्हणजे कुणालाही वापरू-वाटू देणारा, परवाना जसाच्या तसा. हा प्रोग्राम मूळ ठिकाणी कुणालाही फुकट मिळतो. परवान्यात विकायला बंदी नाही, हेही सांगतो. लबाडी आहे ती 'सभासद झालात की डाउनलोड कायदेशीर' या वाक्यात.

कारण विकणाऱ्याकडे गाण्यांचा साठा नसतोच. नॅपस्टर या गाणी वाटायच्या जुन्या सेवेच्या वेळी निदान कुठली फाइल कुणाकडे आहे याची यादी एका जागी असायची, म्हणून तर कोर्टाच्या आदेशानंतर 2001 मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी ब्रॅम कोहेनने आणलेल्या बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे थेट लोकांच्या कॉम्प्युटरवरून येतात, आणि आपल्याकडे आलेले तुकडे आपल्याकडूनही पुढे जातात. यात सभासदत्व देणारा कुठेच नसतो, मग तो हक्क कुठून देणार? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशाच '100 टक्के कायदेशीर' जाहिरातीवरून एका साइटवर 2005 मध्येच दावा लावला होता. धंदा इतका जुना आहे.

पुढचं जास्त घातक. उतरलेल्या फाइलींत एकीवर संगीताचं चिन्ह होतं, नावाच्या शेवटी एमपी3. पण विंडोज फाइलचं खरं शेपूट, म्हणजे प्रकार सांगणारी शेवटची अक्षरं, लपवतं. प्रॉपर्टीज उघडल्यावर प्रकार दिसला 'ॲप्लिकेशन', म्हणजे गाणं नव्हेच, चालवायचा प्रोग्राम. हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा, जुळला म्हणून अण्णा निश्चिंत होते. हॅश जुळणं म्हणजे फाइल होती तशी पोचली, एवढंच. मुळातच विषारी असेल तर तीही जुळणारच.

मग फोन आला. "सर, आपका आईपी पकड़ा गया है, 4,999 भरिए नहीं तो केस होगा." टोरंटमध्ये आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, समोरच्यांना दिसतो हे खरं आहे, त्यामुळे माणूस घाबरतो. कायदेशीर म्हणून विकणारे तेच, केसची भीती घालणारेही तेच. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाका म्हणाला, तेव्हा आईने अण्णांच्या हातून फोन घेऊन बंद केला.

आणि ज्यासाठी हे सगळं झालं, त्याचं काय? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. बालगंधर्वांच्या त्या तबकड्यांवरचा हा हक्क केव्हाच संपलाय. ज्या मुद्रणाच्या हक्काची मुदतच संपली होती, त्याची परवानगी अण्णांना विकली.

आम्ही कार्ड बंद केलं, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली आणि कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकलं. पहिली रक्कम ओटीपी देऊन भरलेली, म्हणून बँक हात वर करते. स्टेटमेंटमध्ये मात्र डॉलरमधली आणखी एक छोटी वजावट सापडली, भलत्याच नावाने, ओटीपी न मागता झालेली. तिचा वाद बँकेत चालू आहे.

घरात कुणी असं सभासदत्व घेतलं असेल, तर आजच गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट काढा. नुसतं साइटचं नाव शोधू नका, ते तिथे नसेलही. परदेशी चलनातली प्रत्येक ओळ तपासा, आणि कार्ड बंद करण्याआधी जाहिरातीचे, पावतीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार करताना ते लागतात.