२४० रुपयांची कल्पना-वही: कागद झकास, बाईंडिंगने घात केला

ए-फाइव्ह, १९२ पानं, ८० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ८० ग्रॅम), जाड पुठ्ठा, वही बंद ठेवणारा रबरी पट्टा, खूणफीत. हे सगळं वेष्टनावरच छापलंय, त्यात वेळ घालवत नाही. वही सांगलीत हरभट रोडवर घेतली. उन्हाळाभर छान चालली आणि श्रावण लागताच मधली पानं हातात आली. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "लिहिलेली वही परत होत नाही." कोरी वही फाटली म्हणून कोण घेऊन येणार, देव जाणे.

दोष एकच, पण मुळावर येणारा: गम बाईंडिंग. सुटी पानं रचून पाठीला गरम गोंद लावलेला, शिलाईचं नाव नाही. नुसतं लिहीत पुढे जाणाऱ्याला अशी वही वर्ष काढेल. कल्पनांची वही मात्र मागे जाऊन चाळायची असते, आणि दर वेळी पान सपाट बसावं म्हणून मधोमध तळहाताने दाबलं जातं. गोंदाला चीर जाते ती तिथेच. एक पान निघालं की शेजारच्याचा आधार जातो, मग शेंगा सोलल्यासारखी पानं बाहेर येतात.

घेताना वही मिटवून पाठीचं वरचं टोक बघा. दुमडलेल्या कागदांचे छोटे जुडगे दिसले आणि जुडग्याच्या मधोमध दोरा सापडला, तर शिलाई. सरळ, गुळगुळीत कड दिसली तर गम. प्लॅस्टिकमध्ये बंद असेल तर एक उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

दुरुस्ती होते, पण अर्धीमुर्धी. सुट्या पानांना घडीच नसल्यामुळे बाईंडरला जुडगे शिवता येत नाहीत. तो कडेपासून आठ-दहा मिलिमीटर आत भोकं पाडून वरून शिलाई मारतो. पानं पक्की बसतात, पण वही पुन्हा कधी सपाट उघडत नाही आणि आतल्या बाजूची अक्षरं शिलाईत जातात. त्याचे ६० रुपये वेगळे.

एवढ्या पैशात घरी शिवलेली वही होते. ए-फोरचे २४ कागद, चार-चार एकत्र दुमडून सहा जुडगे, म्हणजे दोन्ही बाजू धरून ९६ पानं. घडीवर दाभणाने पाच भोकं, मेण लावलेला जाड सुती दोरा, पाठीला फेविकॉल आणि कापडाची पट्टी. गोम एवढीच की बहुतेक ए-फोर कागदाचे तंतू लांब बाजूला समांतर असतात. घडी त्यांना आडवी पडते आणि दमट हवेत पाठीपाशी कागदाला लाटा येतात. छापखान्यातून मोठा ताव कापून घेत असाल तर एक तुकडा एका बाजूने ओला करा. तो वळून नळी होते, ती नळी ज्या दिशेला लांब, तीच तंतूंची दिशा. वहीची घडी त्या दिशेने आली पाहिजे.

कागदाला मात्र नावं ठेवायला जागा नाही. शाईपेनाची शाई पसरत नाही, मागे उमटत नाही. शाळेच्या पातळ वह्यांत दोन्ही होतं. जेल पेन पावसाळ्यात सावकाश वाळतं, लगेच वही मिटली की समोरच्या पानावर ठसा. पुरात भिजली तर? २०१९ पाहिलेल्या सांगलीत हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही. शाईपेनाची साधी शाई धुऊन जाते. पेन्सिल आणि साधं बॉलपेन टिकतं.

आता खरा वापर. उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं ठेवायचं, मागाहून सुचेल त्यासाठी. नोंदीला तारीख, एका शब्दाचं शीर्षक, दोन-तीन ओळी आणि पुढे काय करायचं ते एक क्रियापद. उदाहरणार्थ, "रुमाल: जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, मुलांना बेरीज शिकवायला हाच खेळ? – दोघांवर करून बघणे." 'करून बघणे' नसेल तर ती नोंद महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही.

रोज दहा कल्पनांचा दंडक सुरुवातीला थोतांड वाटला होता. सहाव्यानंतर नुसती भरती. पण मागची पानं चाळताना दिसलं की डाव्या पानावर भर पडली ती बहुतेक सातव्या-आठव्या-नवव्या नोंदीला. पहिल्या पाच कोणालाही सुचतील अशा असतात. दंडक पाळाच, फक्त आठवड्यातून चार दिवस पुरे.

सापडण्यासाठी सूची हवीच, आणि या वहीत पानांना क्रमांकही नाहीत, हाताने घाला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८६ साली छापलेली पद्धत इथे फार कामाची: शीर्षकाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर, एवढ्यावर नोंदीचं सूचीतलं घर ठरतं. मराठीत तर बाराखडी हाताशीच आहे. प्रत्येक व्यंजनाला पाच घरं: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. 'हळद' ह-अ मध्ये, 'हिशेब' ह-इ मध्ये. ङ, ञ, ण, ळ यांना जागा ठेवू नका, त्यांनी शब्द सुरूच होत नाहीत. शेवटची चार पानं यासाठी पुरतात. घरात फक्त पानाचा क्रमांक टाकायचा.

वही संपली की सगळं उतरवत बसू नका. ज्या नोंदीच्या डाव्या पानावर काहीतरी आलंय, तेवढीच शीर्षकं नव्या वहीत. आणि ती नवी वही शिलाईचीच घ्या, मग कागद ७० जीएसएम असला तरी चालेल.