विम प्रो घेतला (भांड्यांचा साबण नव्हे)

नाव ऐकून आमच्या आईने पहिला प्रश्न हाच विचारला की साबण कुरियरने कशाला मागवलास. दोष तिचा नाही, पाव किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा काळा डबा, त्यावर ना स्क्रीन ना काही, आणि नाव विम. हा आहे स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरची किंवा घरच्या नेटवर्कवरची गाणी अँपला देणारा डबा. गेले सात महिने हा डबा आमच्या हॉलमध्ये रोज वाजतोय म्हणून आता लिहायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

मुळात झालं असं की बाबांच्या वेळचा सीडी प्लेयर तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गेला. सीडी आत घ्यायचा, घर्रर्र करायचा आणि नो डिस्क म्हणून बाहेर फेकायचा. रिपेरवाल्याने लेन्स पुसून बघितली, मग म्हणाला साहेब पिकअप (सीडी वाचणारा लेझरचा भाग) गेलाय आणि हा पिकअप आता येत नाही. नॉर्जचा अँप ठणठणीत, वॉर्फेडेलचे स्पीकर ठणठणीत, कपाटात दोनेकशे सीडी, त्यातल्या निम्म्याहून जास्त शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. म्हणजे सगळं आहे, फक्त अँपला गाणं द्यायचं कुठून हा प्रश्न.

सगळे करतात तेच मी आधी केलं, पाचेकशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर लावला. वाजतं, नाही असं नाही. ब्लूटूथ गाणं दाबून पाठवतं, त्या साध्या एसबीसी पद्धतीत साधारण ३२८ केबीपीएसच्या आसपास जातं, सीडीवर १४११ असतं, पण खरं सांगायचं तर आवाजापेक्षा वैताग दुसराच होता. भैरवी रंगात आलीये आणि मध्येच स्पीकरमधून टुंग, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टँकर आला का विचारतंय. फोन घेऊन किचनमध्ये गेलं की गाणं तुटतं. कोणाचा कॉल आला की रिंगटोन अख्ख्या मजल्याला. बायको म्हणाली हे असलं ऐकण्यापेक्षा विविध भारती बरी.

मग लॅपटॉप आणि यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा अँपला कळेल असा सिग्नल करणारी डबी. आवाज एकदम सुधारला पण मागे सतत हम्म्म. आमची बिल्डिंग जुनी, अर्थिंग रामभरोसे, लॅपटॉपचा चार्जर काढला की हम गायब, लावला की परत हजर. याला ग्राउंड लूप म्हणतात हे नंतर कळलं, आधी मी दोन केबल बदलल्या आणि अँपलाच शिव्या दिल्या. उपाय सोपा आहे, ऑप्टिकल केबल वापरा, त्यातून नुसता प्रकाश जातो, तांब्याची तार नसते त्यामुळे दोन मशीनची अर्थिंग एकमेकांना जोडलीच जात नाही. पण माझ्या लॅपटॉपला ऑप्टिकल नव्हतं. आणि हॉलमध्ये गाणी ऐकायला लॅपटॉप उघडायचा, अपडेट चालू आहे म्हणून दहा मिनिटं थांबायचं, हे घरातलं दुसरं कोणीही करणार नव्हतं.

त्यानंतर आली रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर, आणि इथे मी जरा रेंगाळणार कारण दीड वर्ष मी त्यातच रमलो होतो. पाय ४ घेतली, तिच्या स्वतःच्या ३.५ च्या जॅकचा आवाज यथातथाच असतो म्हणून वर त्या चाळीस पिनांवर बसणारा डॅकचा बोर्ड (हॅट), त्यात मूड ऑडिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे. सगळ्या सीडी ईएसी नावाचं सॉफ्टवेअर वापरून फ्लॅक प्रकारच्या फाईलींमध्ये उतरवल्या. रोज रात्री जेवण झालं की दोन-तीन सीडी, असं तीन महिने चाललं होतं. एक तासाची सीडी सहाशे एमबीच्या वर असते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी होते आणि आवाजातलं काहीही जात नाही, झिप फाईल उघडल्यावर कसं सगळं जसंच्या तसं मिळतं तसं. वेळ खातात ती नावं. एका सीडीवर भीमसेन जोशी, दुसरीवर पं. भीमसेन जोशी, तिसरीवर पंडित पूर्ण लिहिलेलं, आणि सॉफ्टवेअरला वाटतं हे तीन वेगळे गवई आहेत. राग कुठल्या रकान्यात टाकायचा हे तर कोणीच ठरवलेलं नाही. मी जॉनरच्या जागी राग टाकला, त्यामुळे आता यमन दाबलं की घरातले सगळे यमन एका खाली एक येतात, हे सुख कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपमध्ये मला मिळालेलं नाही.

पायचा आवाज उत्तम होता, तक्रार नाही. पण लाईट. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि इतर वारीही सांगून जात नाही. पायचं सगळं सॉफ्टवेअर मायक्रो एसडी कार्डवर असतं, नेमकं कार्डवर काही लिहिणं चालू असताना करंट गेला तर कार्डचे तीनतेरा वाजू शकतात. माझे दोनदा वाजले. म्हणजे रविवारी सकाळी पाहुणे आलेत, मी ऐटीत सांगतोय की बघा आता काय लावतो, आणि डबा मुका. मग मी कार्ड काढून आतल्या खोलीत लॅपटॉपवर त्यात परत सॉफ्टवेअर टाकत बसलोय आणि बाहेर आई पाहुण्यांना सांगतेय, त्याचं मशीन बिघडलंय, तुम्ही चहा घ्या. यूपीएस लावा म्हणतील, मान्य आहे, पण मला गाणी ऐकायची होती, सर्व्हर रूम चालवायची नव्हती.

म्हणून विम प्रो. हा २०२२ च्या अखेरीस निघाला, अमेरिकेत किंमत १४९ डॉलर होती, आपल्याकडे त्याहून बराच महाग पडतो. करतो काय, तर घरच्या वायफायवर किंवा लॅन केबलवर बसतो आणि गाणं स्वतः इंटरनेटवरून ओढतो. ब्लूटूथपेक्षा मोठा फरक हाच आहे, स्पॉटिफाय कनेक्ट असेल तर फोन फक्त रिमोट असतो, गाणं फोनमधून जातच नाही, कॉल येवो, बॅटरी संपो, फोन घेऊन बाजारात जावो, घरी गाणं चालूच. मागे ॲनालॉग आउट आहे, ऑप्टिकल आणि कोॲक्सियल दोन्ही आहेत, लाईन इन आणि ऑप्टिकल इनही आहे, टीव्ही मी तिथेच घुसवला. धाकटा विम मिनी स्वस्त पडतो पण त्याला लॅनचं भोक नाही, आणि आमच्या हॉलमधलं वायफाय म्हणजे लहरी राजा, म्हणून प्रो.

आता खरी परीक्षा. ख्यालाच्या बऱ्याच सीडींवर विलंबित एक ट्रॅक आणि द्रुत दुसरा ट्रॅक असतो, पण मैफल सलग असते, तानपुरा चालूच असतो. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅक मध्ये फट न पडता वाजणं, नीट नसेल तर त्या सांध्यावर तानपुरा कोणीतरी गिळल्यासारखा अर्धा सेकंद गप्प होतो आणि परत येतो. फिल्मी गाण्यांना काही बिघडत नाही, प्रत्येक गाणं सुटं असतं, इथे मात्र हातातला चहा हिंदकळतो. फोनवरून कास्ट करून बघितलं तेव्हा मला ही फट ऐकू आली. विमच्या स्वतःच्या ॲपमधून घरच्या फाईली लावल्या तेव्हा नाही, सांधा कुठे आहे हे स्क्रीनवर बघितल्याशिवाय कळलंच नाही. स्ट्रीमर घेणाऱ्या कोणीही डॅकची चिप कुठली हे विचारायच्या आधी हे एक बघावं, आपल्या संगीतासाठी तर नक्कीच.

चिपवरून आठवलं. माझ्याकडे तो जुना यूएसबी डॅक होता, त्याला ऑप्टिकलही घेतं, त्यामुळे एका रात्री बायकोला बसवलं आणि म्हटलं न सांगता इनपुट बदलत राहा, एकदा विमचा आतला डॅक, एकदा बाहेरचा. आवाजाची पातळी आधी सारखी करून घेतली, नाहीतर जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. तिने विचारलं मग हा दुसरा डबा कशासाठी घेतला होतास. विषय तिथेच संपवला. पण ज्यांनी यूट्यूबवरून उतरवलेल्या एमपीथ्री पेनड्राईव्हवर भरून ठेवल्यात त्यांना फ्लॅक लावल्यावर फरक कळेल, डग्ग्याची घुमार आणि बाजाच्या पेटीचा भाता दोन्ही परत जागेवर येतात.

आता कुरबुरी, कारण त्या आहेत. यूएसबी डिस्क किंवा पेनड्राईव्ह याला लागत नाही. गाणी घरी असतील तर ती नेटवर्कवर दुसऱ्या कुठल्यातरी मशीनने द्यायला हवीत. माझी जुनी पाय आता तेच काम करते, तिच्यावर लिरियन हे गाणी नेटवर्कवर देणारं सॉफ्टवेअर टाकलंय, पूर्वी लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणायचे तेच, आणि यावेळी मुकाट्याने छोटा यूपीएस लावलाय. म्हणजे एक डबा जायचा होता तो गेला नाहीच. ज्यांच्याकडे असलं काही नाही आणि करायचंही नाही त्यांनी यूएसबी असलेलंच काहीतरी बघावं. ॲपल म्युझिक विमच्या ॲपमध्ये नाही, आयफोनवरून एअरप्लेने पाठवावं लागतं, म्हणजे फार तर सीडीच्या दर्जापर्यंत, मला तेवढं बास आहे. टायडल आणि कोबझ या स्ट्रीमिंग सेवांची ॲपमध्ये भारी सोय केलीये पण आपल्याकडे त्या दोन्ही अधिकृतपणे मिळत नाहीत, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली जिलबी. रिमोट वेगळा विकत घ्यावा लागतो, प्रो प्लस या वरच्या मॉडेलबरोबर येतो, प्रोबरोबर नाही, आणि हा मला कंजूषपणा वाटला. ॲप बरं आहे पण सगळं इंग्रजी बारीक अक्षरात, आईला चष्मा लावूनही जमलं नाही.

पण तो रिमोट घेतला हे बरं केलं. त्यावर प्रीसेटची आकडेवाली बटणं आहेत. ॲपमध्ये जाऊन एक नंबरला विविध भारतीचा स्ट्रीम बांधला, दोन नंबरला आईच्या अभंगांची प्लेलिस्ट. एकच्या बटणावर बायकोने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. सकाळी सहाला मी अंथरुणात असतो तेव्हा हॉलमधून रेडिओ चालू झालेला ऐकू येतो, मध्ये कोणालाही हाक नाही. तीन वर्षांत मी जे चार प्रकार जोडले त्यातला आईने आपणहून चालू केलेला हा पहिला. दोन नंबर ती दुपारी लावते, तीन नंबर माझा आहे असं तिने परस्पर ठरवलंय. मी तिथे काहीच बांधलेलं नाही.

स्ट्रीमिंगबद्दल एक सांगून ठेवतो. माझ्या यादीतला एक नाट्यपदांचा अल्बम एका ॲपवरून एके दिवशी नाहीसा झाला, नाव करड्या रंगात, दाबलं तर काही नाही. तीच सीडी कपाटात आहे आणि तिची फ्लॅक डिस्कवर आहे. त्यामुळे बाबांच्या सीडी रद्दीत देऊ का असं कोणी विचारलं तर मी अजून नाही म्हणतो.

शेवटची गोष्ट बाहेरचा डॅक लावणाऱ्यांसाठी. बऱ्याच डॅकचं ऑप्टिकल ९६ किलोहर्ट्झच्या (फाईलीचा सॅम्पल रेट) वर नीट चालत नाही आणि विम १९२ पर्यंत पाठवू शकतो, तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये मर्यादा ९६ करून ठेवा, नाहीतर काही फाईलींना वाजतं आणि काहींना नुसती शांतता. आणि ऑप्टिकल केबलच्या टोकांवर बारीक पारदर्शक टोप्या असतात त्या काढा. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून लांब केबल आणली, एका बाजूची टोपी काढली, दुसरी दिसलीच नाही, मग जोर लावून खुपसली, वीस मिनिटं सेटिंग बदलत बसलो, डबा रिसेट केला, आणि केबल डुप्लिकेट दिली म्हणून दुकानदाराशी भांडायला चप्पल घालून निघालो होतो. टोपी मुलीने काढून दिली.